संशोधनाची पद्धत विकत का घ्यावी लागते?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा विषय विधान परिषदेत निघाला, तेव्हा पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, अशा आशयाचा सवाल राज्याच्या त्या वेळच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी केला. त्यावर राज्यभर संताप उसळला आणि तो रास्तच होता. 'बार्टी', 'सारथी' आणि 'महाज्योती' ह्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर संशोधन करू पाहणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांच्या घरात ह्यापूर्वी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. त्यांच्यावर होणारा खर्च सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत खुपतो आणि कारखानदारांना दिलेल्या सवलती खुपत नाहीत, हा वर्गस्वभाव आहे. त्याचे नवल करण्याचे कारण नाही. परंतु संताप ओसरल्यावर एक अवघड प्रश्न तसाच पडून राहिला आणि तो चळवळीनेही उचलला नाही. ह्या मुलांचे संशोधन खरोखरीचे संशोधन व्हावे, यासाठी विद्यापीठे त्यांना काय देतात? अधिछात्रवृत्तीने खोलीचे भाडे भागते, खानावळीचे पैसे भागतात. पण नमुना कसा निवडावा, प्रश्नावली कशी बांधावी, हाती आलेल्या आकड्यांवरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे समजावून सांगणारे माणूस त्यांना विद्यापीठाच्या आवारात भेटते काय?

बहुतेकांना ते भेटत नाही. ते फाटकाबाहेर भेटते. झेरॉक्स, टंकलेखन आणि प्रबंधाची बांधणी करून देणाऱ्या दुकानांच्या ओळीतच आता 'डेटा ॲनालिसिस करून मिळेल' अशा पाट्या लागलेल्या असतात. विद्यार्थी भरलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे पिशवीत घालून तेथे जातो, दर ठरतो, आगाऊ रक्कम दिली जाते आणि आठवडा-दोन आठवड्यांनी कोष्टके, आलेख व प्रत्येक कोष्टकाखाली एक ठरावीक वाक्य असा ऐवज त्याच्या हाती पडतो. गृहीतक सिद्ध झाले की नाही, हेही त्या वाक्यातच लिहिलेले असते. ते कसे सिद्ध झाले, हे विद्यार्थ्याला माहीत नसते. मार्गदर्शकालाही पुष्कळदा माहीत नसते. आणि मौखिक परीक्षेत ते कुणी विचारू नये, असा एक अलिखित सौजन्याचा करार सर्वांनी पाळलेला असतो.

ह्या दुकानात बसलेल्या तरुणाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण तो तरी कोण असतो? अनेकदा संख्याशास्त्राचा एम.एस्सी., नेट-सेट झालेला, कुठल्या तरी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काही महिने काम करणारा आणि उरलेले महिने मोकळा असणारा. प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवायची, त्या पदांवर बसण्यास पात्र असलेल्या माणसाला फाटकाबाहेर ढकलायचे आणि मग जे ज्ञान विद्यापीठाने विद्यार्थ्याला विनामूल्य द्यावयाचे तेच त्या माणसाकडून विकत घ्यायला लावायचे, असा हा व्यवहार आहे. दोघेही एकाच धोरणाचे बळी असून एकमेकांसमोर गिऱ्हाईक आणि विक्रेता म्हणून उभे आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाला ह्या उणिवेची जाणीव नाही, असे नाही. २०१६ च्या नियमावलीत आयोगाने पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात संशोधनपद्धतीसाठी किमान चार श्रेयांक राखून ठेवले. २०२२ च्या नियमावलीत एकूण अभ्यासक्रम किमान बारा श्रेयांकांचा केला आणि त्यात संशोधन-नीतीचीही भर घातली. कागदावर हे सारे ठीकच आहे. पण पद्धतीचे सामान्य धडे ऐकणे आणि स्वतःच्या विषयाचा आराखडा कुणा जाणत्यासमोर मांडून त्यावर दोन तास वाद घालणे, ह्यांत पोहण्यावरचे व्याख्यान आणि विहीर यांत असते तेवढे अंतर आहे. इतिहास, गृहविज्ञान, वाणिज्य, शिक्षणशास्त्र अशा नाना शाखांच्या विद्यार्थ्यांना एका वर्गात बसवून मध्यमान, मध्यक आणि बहुलक यांच्या व्याख्या सांगितल्या, म्हणजे विद्यापीठाचे कर्तव्य संपले, असे मानले जाते.

ह्याचा परिणाम काय होतो, हे एका उदाहरणाने तपशिलात पाहणे उपयोगी ठरेल. समजा, एक विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांवर प्रबंध लिहू इच्छिते. विषय महत्त्वाचा आहे, तिच्या घरचाच आहे असे म्हटले तरी चालेल. तिचा पहिला प्रश्न असतो, किती जणींना भेटावे? उत्तर तयार असते: ३८४. महाराष्ट्रातील सामाजिक शास्त्रांच्या प्रबंधांत ह्या संख्येला मंत्राचे माहात्म्य आलेले आहे. शिक्षक असोत, ग्राहक असोत, बचतगट असोत, नमुना ३८४ चा. हा आकडा १९७० साली क्रेजसी आणि मॉर्गन ह्या दोन अमेरिकी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका कोष्टकातून सर्वत्र पसरला. त्या कोष्टकात चूक काही नाही. पण त्यामागे काही अटी आहेत. लोकसंख्या मोठी असावी. सर्वांची यादी हाती असून तिच्यातून चिठ्ठ्या टाकाव्या तशी निव्वळ यादृच्छिक निवड व्हावी. शोधायचे ते एखादे प्रमाण असावे आणि ते निम्म्याच्या आसपास असावे. पाच टक्के इकडेतिकडे झाले तरी चालणार असावे. आणि शंभरांपैकी पंच्याण्णव वेळा अंदाज त्या मर्यादेत पडला म्हणजे समाधान मानायचे असावे. ह्या साऱ्या अटी एकत्र आल्या की गणित ३८४ ला पोचते. एखादी अट बदलली की आकडाही बदलतो.

आता ऊसतोडीकडे पाहावे. सर्व मजुरांची अद्ययावत आणि पूर्ण यादी कुणाकडेच नाही. २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही, त्यामुळे गावांच्या लोकसंख्येचे आकडेही जुने. तेव्हा चिठ्ठ्या टाकायच्या कशातून? विद्यार्थिनी मुकादमांच्या ओळखीने टोळ्यांपर्यंत पोचते. समजा, तिने चोवीस टोळ्या घेतल्या आणि प्रत्येक टोळीतील सोळा स्त्रियांना भेटून ३८४ ची भरती पूर्ण केली. पण एका टोळीतील स्त्रिया एकाच मुकादमाच्या हाताखाली, एकाच कारखान्याच्या फडावर, बव्हंशी एकाच गावच्या. त्यांची उचल सारखी, पाण्याची सोय सारखी, दवाखान्याचे अंतर सारखे. दहावी बाई जे सांगते त्यातले बरेचसे पहिल्या बाईने आधीच सांगितलेले असते. हा सारखेपणा संख्याशास्त्रात मोजता येतो. त्याचे माप ०.२ इतके निघाले, असे धरले, तर सोळा-सोळांच्या गटांमुळे अंदाजातील अनिश्चिततेचा वर्ग चौपट होतो आणि ३८४ स्त्रियांच्या पाहणीचे बळ प्रत्यक्षात अवघ्या ९६ स्त्रियांच्या यादृच्छिक नमुन्याएवढे उरते. टोळ्या वाढवून प्रत्येकीतील स्त्रिया कमी घेतल्या असत्या, तर त्याच श्रमांत कितीतरी अधिक भरवशाचे उत्तर मिळाले असते. हे तिला कुणी आधी सांगितले असते, तर! सांगायला दोन तास पुरे होते.

ह्याहून खोल प्रश्न निराळाच आहे. फडावर हिशेब माणसांचा होत नाही, कोयत्यांचा होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, तोडीचा हिशेब कोयत्यावर आणि पैसा बहुतेक वेळा पुरुषाच्या हाती. मग स्त्रीची मजुरी हा रकाना प्रश्नावलीत भरायचा कशाने? विद्यार्थिनीने कोयत्याच्या मिळकतीला दोनाने भागले, तर जी विषमता शोधायला ती निघाली तीच तिने भागाकारात पुसून टाकली. तो रकाना कोराच ठेवला, तर दुकानातला संगणक त्या जागी शून्य धरील किंवा ती बाईच विश्लेषणातून वगळील. पाहणीचा घटक कोणता, व्यक्ती की जोडपे की टोळी, हा निर्णय म्हणजे काही तांत्रिक किरकोळ बाब नव्हे. स्त्रीच्या श्रमाला स्वतंत्र अस्तित्व आहे की नाही, याचाच तो निर्णय आहे. तो दुकानात पैसे मोजून घेता येत नाही.

पाहणी कधी करायची, हाही तसाच प्रश्न. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि गावे रिकामी होतात. त्या दिवसांत बीडमधील गावात गेले, तर भेटतात त्या मागे राहिलेल्या: म्हाताऱ्या, आजारी, बाळंतीण. फडावर गेले, तर भेटतात त्या काम करू शकणाऱ्याच. दोन पाहण्यांतून ऊसतोड स्त्रीच्या आरोग्याची दोन अगदी विसंगत चित्रे उभी राहतील आणि दोन्ही प्रामाणिकपणे काढलेली असतील.

ही चर्चा पुस्तकी नाही. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. राज्यात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे तीन टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मन पेटून उठते. पण खासगी रुग्णालयांची आणि कारखान्यांची बाजू मांडणारा वकील पहिल्याच वाक्यात विचारील, ह्या दोन गटांतील स्त्रियांची वये सारखी होती काय? ह्या शस्त्रक्रियेचे प्रमाण वयाबरोबर वाढते, हे खरेच आहे. तेव्हा वयोगटागणिक तुलना करावी लागेल, मुलांची संख्या आणि लग्नाचे वय पाहावे लागेल, त्याच तालुक्यातील ऊसतोडीला न जाणाऱ्या शेतमजूर स्त्रियांशी ताडून पाहावे लागेल. एवढे सारे करूनही फरक उरला, तर त्या निष्कर्षाला कुणी हात लावू शकणार नाही. न करताच आरडाओरडा केला, तर एका तांत्रिक आक्षेपाने खरा अन्यायही खोटा ठरवला जाईल. शोषितांच्या बाजूने बोलणाऱ्याला पद्धतीची गरज शोषकांपेक्षा अधिक असते, कारण त्याचा आकडा तपासायला सगळेच टपलेले असतात.

संख्याशास्त्रज्ञाला कधी बोलवावे, याविषयी रोनाल्ड फिशर यांनी एक मार्मिक विधान केले होते. १९३८ साली कलकत्त्याला भरलेल्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेचे ते अध्यक्ष होते. प्रयोग संपल्यानंतर संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला विचारणे म्हणजे त्याला प्रेताची चिरफाड करायला सांगण्यासारखे आहे. फार तर प्रयोग कशाने दगावला, एवढे तो सांगू शकेल, असा त्या विधानाचा आशय. ह्या देशाच्या भूमीवर हे ऐकवले गेल्याला आठ दशके उलटून गेली, तरी विद्यापीठांतील संशोधकाची संख्याशास्त्राशी पहिली गाठ आजही चिरफाडीच्या टेबलावरच पडते.

वास्तविक ह्या बाबतीत भारताची परंपरा कुणाच्या मागे नव्हती. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगकेंद्रात फिशर १९१९ साली रुजू झाले, ते मुळी तेथील शास्त्रज्ञांना सल्ला देण्यासाठीच. अमेरिकेत आयोवा येथील विद्यापीठाने १९३३ साली संख्याशास्त्रीय प्रयोगशाळा काढली, तीही विद्यापीठातील संशोधकांच्या मदतीसाठी. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९३१ साली, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्यात भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापली होती. महालनोबिस हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. लोक अडचणी घेऊन त्यांच्याकडे येत आणि त्या अडचणींतूनच त्यांचे संख्याशास्त्र घडत गेले. १९२६ साली ओरिसात ब्राह्मणी नदीला महापूर आला, तेव्हा नदीचे पात्र उथळ झाले असल्याने बांधांची उंची वाढवावी, असे अभियंत्यांचे मत पडले. महालनोबिस यांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि पात्र वर आलेलेच नाही, हे दाखवून दिले. बांधांवर वाया जाणारा पैसा एका माणसाच्या शांत चिकित्सेने वाचू शकतो, ही गोष्ट आजच्या राज्यकर्त्यांना सांगूनही पटणार नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी १९३० पासून पाहणीची शिस्त रुजवली. पुणे शहराची आर्थिक-सामाजिक पाहणी, गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी केलेल्या सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या पाहण्या, दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेला १९४८ च्या मुंबई कुळकायद्याच्या अंमलबजावणीचा अहवाल, ही सारी त्या शिस्तीची फळे. कायद्याने कुळाला दिलेले संरक्षण प्रत्यक्ष शेतावर पुरेसे पोचलेले नाही, हे कुळकायद्याच्या पाहणीने दाखवले. मोर्चात तेच सांगितले जात होते. पण नमुना नीट काढून सांगितल्यावर ते सरकारला नाकारता आले नाही.

आणि पद्धतीवरचा वाद म्हणजे पंडितांचा खेळ, असे ज्याला वाटत असेल त्याने पुण्यातच झालेला दांडेकर आणि पां. वा. सुखात्मे यांचा वाद आठवावा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुधचे, लंडनमध्ये शिकलेले, पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचे मोजमाप करताना माणशी रोज २,२५० उष्मांकांची रेषा धरली. सुखात्मे यांचा आक्षेप असा की, गरज माणसागणिक आणि एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते. सरासरीखाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी नसतो. तेव्हा ही रेषा भुकेल्यांची संख्या फुगवते. दांडेकरांनी तो युक्तिवाद मान्य केला नाही. कोण कितपत बरोबर होते, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. मात्र ह्या देशात किती कोटी माणसे उपाशी आहेत, हा प्रश्न शेवटी विचरण आणि सरासरी यांच्या अर्थावर येऊन ठेपला होता, आणि दोन्ही बाजूंना आपले गणित दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडावे लागले, हे विसरून चालणार नाही. आजच्या प्रबंधांतून नाहीसे झाले आहे ते हे उघड्यावर गणित मांडणे.

उघड्यावर मांडलेले गणित सामान्य विद्यार्थ्यालाही बलवान करते. २०१० साली रेनहार्ट आणि रोगॉफ ह्या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी असे मांडले की, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की विकास खुंटतो. युरोप-अमेरिकेत कामगारांचे वेतन, निवृत्तिवेतन आणि दवाखाने यांवर कुऱ्हाड चालवणाऱ्यांनी ह्या निष्कर्षाचा शस्त्रासारखा उपयोग केला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन ह्या विद्यार्थ्याला वर्गातील गृहपाठ म्हणून एखादा प्रसिद्ध निष्कर्ष पुन्हा काढून पाहायचा होता. त्याला तो निघेना. मूळ तक्ता मागवून पाहिला, तर सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी वगळल्या गेलेल्या. शिवाय काही वर्षे गाळलेली आणि भार देण्याची रीत विचित्र. दुरुस्ती केल्यावर उणे ०.१ टक्क्याचा विकासदर अधिक २.२ टक्के निघाला. २०१३ साली त्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह हे प्रसिद्ध केले. हा विद्यार्थी कुणी अलौकिक नव्हता. त्याच्यापाशी पद्धत शिकवणारा वर्ग होता, शंका घेऊन जाता येईल असे प्राध्यापक होते. महाराष्ट्रातील एखाद्या विद्यार्थ्याला अशी शंका आलीच, तर ती घेऊन तो कुठे जाईल? झेरॉक्सच्या दुकानात?

कुणी म्हणेल, हे मार्गदर्शकाचेच काम आहे. अंशतः खरे आहे. पण मराठवाड्यातील शेतमजुरीचा जाणकार असलेल्या प्राध्यापकाला नमुना-पाहणीचे अद्ययावत शास्त्रही यावे, ही अपेक्षा हृदयविकाराच्या डॉक्टराने भूलही स्वतःच द्यावी, असे म्हणण्यासारखी आहे. शेतकी विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या सल्लागार समितीवर संख्याशास्त्राचा प्राध्यापक घेण्याची प्रथा आहे आणि तिच्यामुळे बियाण्याच्या वाफ्यांची मांडणी तरी ठीक होते. जे ज्वारीच्या वाफ्यासाठी आवश्यक मानले गेले ते ज्वारी पिकवणाऱ्या माणसाच्या अभ्यासासाठी अनावश्यक कसे?

दुसरा आक्षेप पैशाचा. तो फार टिकणारा नाही. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर येथील विद्यापीठांत संख्याशास्त्राचे पदव्युत्तर विभाग आहेतच. त्यांना जोडून एक सल्लाकेंद्र, त्यात दोन-तीन कायम पदे आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेथे काम करण्याची सक्ती, एवढ्याने आरंभ होतो. त्या विद्यार्थ्यांनाही पुस्तकातल्या स्वच्छ उदाहरणांऐवजी खऱ्या, धुळीने माखलेल्या आकड्यांशी झुंजावे लागेल. त्यांच्याही शिक्षणात तेवढीच उणीव आहे. संगणकाच्या प्रणालीसाठी परदेशी कंपनीच्या पायऱ्या झिजवण्याची गरज नाही. 'एसपीएसएस' ही प्रणाली २००९ पासून आयबीएम कंपनीच्या मालकीची असून तिचा परवाना परवडत नाही म्हणून चोरीच्या प्रती सर्रास वापरल्या जातात. उलट न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील इहाका आणि जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात तयार केलेली 'आर' ही प्रणाली कुणाच्याही खासगी मालकीची नाही. ती विनामूल्य आहे आणि जगभरचे संख्याशास्त्रज्ञ तीत आपापली भर घालत असतात. ज्ञान सामाजिक मालकीचे असू शकते, ह्याचा याहून रोकडा पुरावा शोधूनही सापडणार नाही. तरी विद्यापीठे चोरीच्या प्रतीवर शिकवतात!

मात्र असे केंद्र निघाले, तरी त्याने काय करू नये, हेही ठरवले पाहिजे. विद्यार्थ्याचे विश्लेषण करून देणारे सरकारी दुकान म्हणजे केंद्र नव्हे. विद्यार्थ्याने प्रश्नावली छापण्यापूर्वी तेथे यावे, आपला प्रश्न शब्दांत मांडावा, घटक आणि नमुना ठरवावा, कोणत्या कसोट्या लावणार ते आधी लिहून ठेवावे आणि मग क्षेत्रावर जावे. हे लिहून ठेवणे महत्त्वाचे, कारण खरा फरक एकही नसताना वीस निरनिराळ्या कसोट्या लावल्या, तर त्यांपैकी किमान एक तरी निव्वळ योगायोगाने 'सार्थक' निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. दुकानदार नेमकी तीच एक कोष्टकात ठेवतो, कारण गिऱ्हाईक नाराज होऊन चालत नाही. केंद्रातील माणसाला 'तुमच्या आकड्यांतून काही निघत नाही' असे सांगता आले पाहिजे, आणि ते सांगितल्याने त्याची नोकरी जाऊ नये. म्हणून पद कायम हवे. कंत्राटी सल्लागार आणि बाजारातला सल्लागार यांत फरक फार थोडा. आणि 'काही निघत नाही' असे प्रामाणिकपणे लिहिणारा प्रबंधही विद्यापीठाने स्वीकारला पाहिजे, नाहीतर हे सारे व्यर्थ आहे.

येथे चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. समाजवादी कार्यकर्त्यांनी केलेल्या पाहण्यांची संख्या थोडी नाही; धरणग्रस्त, रोजगार हमी, वस्तीशाळा, रेशन, कशाचीही पाहणी होते. पण पाहणी कुठल्या घरांत झाली? बहुधा जेथे कार्यकर्ता ओळखीचा, जेथे संघटना आहे, जेथे लोक बोलायला तयार आहेत तेथे. ज्या वाडीत संघटना पोचलेली नाही तेथील मजूर अधिक दबलेला असतो आणि तोच पाहणीतून निसटतो. म्हणजे अशा पाहणीत अन्याय फुगून येण्याऐवजी पुष्कळदा कमीच मोजला जातो, ही गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. मनाजोगता आकडा आला की तो कुठून आला हे विचारायचे नाही, ही सवय सत्ताधारी पक्षांची म्हणून हसण्यावारी नेली जाते. ती घरातही आहे. विद्यापीठातील सल्लाकेंद्राचे दार कामगार संघटना, शेतमजूर संघटना आणि महिला मंडळे यांनाही उघडे असावे, ही मागणी म्हणूनच विद्यार्थ्यांच्या मागणीला जोडून केली पाहिजे.

राज्यातील विद्यापीठांच्या अधिसभांवर पक्षाचे व मित्रसंघटनांचे जे सदस्य निवडून गेलेले आहेत, त्यांना अर्थसंकल्पाच्या बैठकीची वाट पाहण्याची गरज नाही. संख्याशास्त्र विभागात मंजूर पदे किती आणि भरलेली किती. गेल्या पाच वर्षांत नोंदणी झालेल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांपैकी किती जणांच्या संशोधन आराखड्यावर संख्याशास्त्रज्ञाचे लेखी मत घेतले गेले. संगणक-प्रणालीचे किती परवाने विद्यापीठाने रीतसर विकत घेतले. आणि विभागाला जोडून सल्लाकेंद्र काढण्याचा प्रस्ताव कधी आला होता काय, आला असल्यास तो कोणत्या टेबलावर अडला, हे चार प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरेही लेखीच घ्यावीत. विद्यार्थी संघटनांनी आपल्या बाजूने प्रत्येक विभागातील संशोधकांकडून विश्लेषणापोटी बाहेर किती पैसे द्यावे लागले याची माहिती गोळा करावी. ती गोळा करताना यादी पूर्ण घ्यावी आणि केवळ ओळखीच्या खोल्यांत जाऊ नये.